एकोणतीस पराभव, बरेचसे न पाहिलेले

सोमवार, ७ नोव्हेंबर २०२२. आई-बाबांना सांगलीहून आमच्याकडे फ्रीमाँटला येऊन आठवडा झाला होता. बाबांची झोप अजून भारताच्या घड्याळावर होती आणि मी रिमोट हातात घेऊन एकेक वाहिनी धुंडाळत होते. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, म्हणजे आमच्या तोंडी नुसत्या 'कॅल'चा, पुरुष बास्केटबॉलचा हंगाम त्या संध्याकाळी सुरू होत होता. सामना घरापासून तासाभराच्या अंतरावर, समोर यूसी डेव्हिस. ईएसपीएनवर नाही. फॉक्सवर नाही. दर महिन्याला आम्ही जिला पैसे मोजत होतो त्या स्ट्रीमिंग सेवेच्या ढीगभर वाहिन्यांत कुठेच नाही. शेवटी फोनवर आकडे बदलताना पाहत बसलो. डेव्हिस ७५, कॅल ६५.

बाबा शाळेत पीटीचे सर होते. आयुष्यभर कबड्डी आणि खो-खोची पोरं घडवली; बास्केटबॉल त्यांना नवा असला तरी हरणं-जिंकणं नवं नव्हतं. हरल्याबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी वेगळंच विचारलं. "अगं, कॉलेज तुझं, सामना तुझ्या गावात, पैसेही तू भरतेस. मग दिसत का नाही?"

मला नीट सांगता आलं नाही. पुढचे चार महिने कॅल हरत राहिला आणि तो प्रश्न घरात राहिला. हंगाम संपला तेव्हा नोंद होती ३ विजय, २९ पराभव. हे टिपण त्या एका हंगामाचं आहे आणि बाबांच्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तरही आहे. माझं म्हणणं आधीच सांगते. केबलचं भांडण आणि संघाचं हरणं ह्या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. त्या भांडणाची सर्वांत जास्त झळ हरणाऱ्या संघाच्या चाहत्यांना बसली. तो योगायोग नव्हता. सगळी व्यवस्थाच तशी बांधलेली होती.

उरलेले सामने

अमेरिकेत कॉलेजचे संघ गटागटाने खेळतात. गट, म्हणजे कॉन्फरन्स, आपल्या सगळ्या विद्यापीठांच्या वतीने टीव्हीचे हक्क विकते आणि पैसे वाटून देते. कॅल ज्या गटात होता तो पॅक-१२. पश्चिमेकडच्या सहा राज्यांतली बारा विद्यापीठं. २००९ मध्ये लॅरी स्कॉट ह्या गटाचे आयुक्त झाले आणि २०११ मध्ये त्यांनी ईएसपीएन आणि फॉक्सबरोबर १२ वर्षांचा, सुमारे ३ अब्ज डॉलरचा करार केला. त्या काळात एवढी रक्कम कुठल्याच गटाला मिळालेली नव्हती. बर्कलीत तेव्हा आम्ही सगळे खूश होतो. मीही.

त्या कराराला एक दुसरी बाजू होती. ईएसपीएन आणि फॉक्स हवे ते सामने आधी उचलणार. उरतील ते गटाच्या स्वतःच्या वाहिनीवर, पॅक-१२ नेटवर्कवर दाखवायचे. ही वाहिनी १५ ऑगस्ट २०१२ ला सुरू झाली. एक राष्ट्रीय आणि सहा प्रादेशिक, अशा एकूण सात वाहिन्या. मालकी शंभर टक्के विद्यापीठांची. कुणी भागीदार नाही.

इथेच घोडं पेंड खातं. बिग टेन ह्या गटाने २००७ मध्ये आपली वाहिनी काढली ती फॉक्सला भागीदार करून. एसईसी ह्या दक्षिणेकडच्या गटाने २०१४ मध्ये काढली ती ईएसपीएनच्या हाताने. एखाद्या केबल कंपनीने एसईसीची वाहिनी नाकारायची म्हटलं, तर तिला ईएसपीएनशी वाकडं घ्यावं लागतं, आणि ईएसपीएन बंद पडली तर तिचे ग्राहक पळतात. म्हणून कंपन्या मुकाट्याने एसईसीची वाहिनी घेतात. पॅक-१२ च्या हातात असं काहीच नव्हतं. 'आमची वाहिनी घ्या, नाहीतर...' ह्या वाक्याचा पुढचा अर्धा भाग त्यांच्याकडे नव्हता.

कॉमकास्ट, टाइम वॉर्नर, कॉक्स ह्या केबल कंपन्या सुरुवातीपासून सोबत होत्या. डिश नेटवर्कही त्याच वर्षी आलं. डिरेक्टीव्ही मात्र कधीच आली नाही. उपग्रहावरून घरोघरी वाहिन्या देणाऱ्या ह्या कंपनीचे तेव्हा सुमारे २ कोटी ग्राहक होते आणि त्यांत खेळवेडे भरपूर, कारण रविवारचे एनएफएलचे, म्हणजे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचे, सगळे सामने दाखवणारं पॅकेज २०२२ पर्यंत फक्त तिच्याकडे होतं. त्यामुळे खेळ दाखवणाऱ्या बारमध्येही तिचीच जोडणी. म्हणजे घरी दिसत नाही म्हणून चाहत्याने बारमध्ये जावं, तर तिथल्या पंधरा पडद्यांवरही पॅक-१२ नाही. पैशांवरून अडलेली ही बोलणी बारा वर्षांत सुटली नाहीत.

सगळा दोष वाहिनी स्वतःची ठेवण्याच्या निर्णयाला द्यावा असं मला वाटत नाही. २०११ मध्ये केबलचे ग्राहक कमी होतील असं फारसं कुणी धरलं नव्हतं, आणि आपली वस्तू आपणच विकावी, मधल्याला का द्यावी, हा विचार कुठल्याही द्राक्षबागायतदाराला पटेल. पण बागायतदाराला जे कळतं ते ह्या लोकांना कळलं नाही: माल उत्तम असून भागत नाही, तो बाजारात नेणारी गाडी लागते. आणि गाडी नाही हे एकदा दिसल्यावरसुद्धा खर्च थांबला नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यवस्तीत स्टुडिओ आणि कचेरी, आयुक्तांचा पगार वर्षाला ५० लाख डॉलरच्या आसपास. दुसरीकडे शेजारच्या बर्कलीचा क्रीडा विभाग कर्जात बुडालेला. हेवर्ड भूकंपरेषेवर उभ्या असलेल्या फुटबॉल स्टेडियमच्या डागडुजीला ३२ कोटी डॉलर लागले होते. ते फेडायचे तर टीव्हीच्या पैशावर मोठी भिस्त होती. २०२१-२२ ह्या आर्थिक वर्षात पॅक-१२ ने प्रत्येक विद्यापीठाला सुमारे ३.७ कोटी डॉलर दिले. बिग टेनने सुमारे ५.९ कोटी.

आता चाहत्याच्या बाजूने पाहा. ईएसपीएन आणि फॉक्स काय उचलतील? यूसीएलए, अ‍ॅरिझोना, ओरेगॉन. जिंकणारे संघ, प्रेक्षक खेचणारे संघ. अ‍ॅरिझोनाच्या चाहत्याकडे पॅक-१२ नेटवर्क नसलं, तरी त्याचे मोठे सामने त्याला दिसतातच. कॅलसारखा तळाचा संघ मात्र कुणीच उचलत नाही. त्याचे सामने जवळजवळ सगळे उरलेल्यांत जातात. जितकं हराल तितके त्या वाहिनीवर जाल, आणि ती वाहिनी लाखो घरांत नाही. म्हणजे संघ वाईट असण्याची शिक्षा म्हणून तो डोळ्यांआडही जातो. हे मी त्या हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा पाहिलं. खरं तर पाहिलं नाही.

ह्याचा परिणाम फक्त आमच्यासारख्यांच्या संध्याकाळींवर होत नाही. सतरा वर्षांचा एखादा चांगला खेळाडू कॉलेज निवडतो तेव्हा त्याची आई विचारते, आम्हाला तुझे सामने बघता येतील का? लॉस एंजेलिसच्या नाहीतर टेक्सासच्या घरी बसलेल्या त्या आईला कॅलच्या प्रशिक्षकाने काय सांगायचं?

पन्नास वर्षांनी आलेलं विजेतेपद

कॅल कायमच असा नव्हता. १९५९ मध्ये पीट न्यूएल ह्यांच्या प्रशिक्षणाखाली कॅलने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात जेरी वेस्टच्या वेस्ट व्हर्जिनियाला ७१-७० असं एका गुणाने हरवलं. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरी. मग दीर्घ दुष्काळ, मधूनच पावसाची सर: १९९३ मध्ये एकोणीस वर्षांच्या जेसन किडने लागोपाठ दोन वर्षं विजेत्या असलेल्या ड्यूकला स्पर्धेबाहेर काढलं, ते बर्कलीत अजून सांगतात.

मी ऑगस्ट २००९ मध्ये एमएस करायला बर्कलीत आले. बास्केटबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या मुलीने हास पॅव्हिलियनला ओढत नेलं. सुमारे बारा हजार माणसं मावतील असं बंदिस्त मैदान, विद्यार्थ्यांची जागा कोर्टाला अगदी खेटून, कानठळ्या बसवणारा बँड. जेरोम रँडल नावाचा, बास्केटबॉलच्या मानाने बुटका गार्ड कुठूनही चेंडू टाकायचा आणि तो आत जायचा. त्या हंगामात कॅलने गटाचं विजेतेपद मिळवलं. १९६० नंतर पहिल्यांदाच. पन्नास वर्षं वाट पाहिलेले म्हातारे माझ्या बाजूला उभे राहून डोळे पुसत होते आणि मला वाटलं, हे दरवर्षी होत असेल.

पुढे २०१५-१६ मध्ये जेलन ब्राउन आणि आयव्हन रॅब हे दोघं आले तेव्हा पुन्हा आशा वाटली. कॅल घरच्या मैदानावर एकही सामना हरला नाही. पण राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत हवाईकडून हरला. २०१७ मध्ये प्रशिक्षक कुओन्झो मार्टिन मिझुरीला गेले आणि मग घसरगुंडी सुरू झाली. वायकिंग जोन्स ह्यांच्या दोन हंगामांत ८-२४ (म्हणजे ८ विजय, २४ पराभव) आणि ८-२३. त्यांच्या जागी मार्क फॉक्स आले: १४-१८, ९-२०, १२-२०. आणि मग तो हंगाम.

तीन आणि एकोणतीस

डेव्हिसनंतर कॅन्सस स्टेट, यूसी सॅन डिएगो, सदर्न, टेक्सस स्टेट. मोठ्या संघांकडून हरणं एकवेळ समजतं. पण ह्यांतल्या काही संघांची नावं मलाही शोधून काढावी लागली. लागोपाठ बारा पराभव. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माझं एक ठरून गेलं होतं: संघ हरतोय तर निदान हरताना तरी बघायचा.

बाकीच्यांना हे विचित्र वाटायचं. ऑफिसमधला एक सहकारी म्हणाला, दिसत नाही ते बरंच आहे की. पण नुसते आकडे बघून हरण्याचं काही कळत नाही. फोनवरचा आकडा सांगतो, १४ गुणांनी हरले. कुआनी कुआनी, दक्षिण सुदानी कुटुंबातला, ऑस्ट्रेलियात वाढलेला उंच मुलगा, शेवटच्या मिनिटालाही सुटलेल्या चेंडूमागे धावत होता का, हे तो सांगत नाही. लार्स थीमन हा सात फुटी जर्मन सेंटर दोघांच्या मधून चेंडू ओढून काढतोय, किंवा दमून कंबरेवर हात ठेवून उभा आहे, हे दिसत नाही. पराभव डोळ्यांनी पाहिला की त्यात माणसं असतात. न पाहिलेल्या पराभवात फक्त लाज उरते. बाबा ह्याला त्यांच्या भाषेत म्हणाले, "पोरं पडली तरी मैदानाच्या कडेला कुणीतरी उभं असलं पाहिजे."

म्हणून मी दोन वर्षांपूर्वी सोडलेली केबल पुन्हा घ्यायचं ठरवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही; जो अनुभव आला तो बहुतेक कंपन्यांत येतो. फोनवर सांगितलं गेलं की वाहिनी साध्या पॅकेजमध्ये आहे. माणूस येऊन बॉक्स बसवून गेला. वाहिनी लावली तर पडद्यावर सूचना: ह्यासाठी खेळांचं वेगळं पॅकेज घ्या. ते घेतलं. पहिलं बिल आलं त्यात ठरलेल्या रकमेखाली 'ब्रॉडकास्ट टीव्ही फी' आणि 'रीजनल स्पोर्ट्स फी' अशा दोन ओळी, ज्यांचा फोनवर उल्लेखच नव्हता. वर वर्षाचा करार. हंगाम मार्चमध्ये संपला तरी पैसे डिसेंबरपर्यंत. पॅक-१२ चं स्वतःचं अ‍ॅप होतं, तेही केबलचं लॉगिन मागायचं. नुसत्या अ‍ॅपचे पैसे घ्या आणि सामना दाखवा, अशी सोयच नव्हती. मी ते पैसे आनंदाने दिले असते. अशा कितीतरी लोकांनी दिले असते. आमचे पैसे घ्यायला कुणी खिडकीच उघडली नव्हती.

बाबांना हे सगळं समजावून सांगताना एक गंमतशीर उलटापालट झाली. सांगलीत आमच्या केबलवाल्याकडे २०१९ पासून ट्राय ह्या दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे वाहिन्या निवडून घेता येतात. तेव्हा सुरुवातीचे १३० रुपये आणि कर, त्यावर पाहिजे त्या वाहिनीची छापील किंमत. बाबांनी तेव्हा कागदावर यादी करून केबलवाल्याला दिली होती. शिवाय राष्ट्रीय महत्त्वाचे सामने प्रसार भारतीला द्यावेच लागतात, असा २००७ चा कायदा आहे. भारताचा क्रिकेटचा मोठा सामना दूरदर्शनवर दिसतो तो त्यामुळे. बाबांची पक्की समजूत होती की अमेरिकेत ह्याहून जास्त सोय असणार. तिथे एक वाहिनी निवडून घेता येत नाही, सगळं गाठोडं घ्यावं लागतं, हे त्यांना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. ट्रायच्या नियमांनी भारतातली बिलं सगळीकडे कमी झाली असं नाही, ती तक्रार आईची कायम असते. पण मला काय हवंय ते सांगायचा हक्क तिला आहे.

२१ डिसेंबरला कॅलने टेक्सस-आर्लिंग्टनला ७३-५१ असं हरवलं. तेरावा सामना, पहिला विजय. ३१ डिसेंबरला कोलोराडोवर ८०-७६. आणि मग ६ जानेवारी, शुक्रवार, घरच्या मैदानावर जुना प्रतिस्पर्धी स्टॅनफर्ड.

त्या आठवड्यात बे एरियाला, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या आमच्या भागाला, वादळी पावसाने झोडपलं होतं. रस्त्यांत झाडं पडली होती, जागोजागी वीज गेली होती. आईचं म्हणणं होतं, जाऊ नका. पण टीव्हीवर अवलंबून राहायचा मला कंटाळा आला होता आणि बाबांना ते मैदान दाखवायचंच होतं. गेलो. अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. २०१० ला जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे बाबांनी आपली छत्री आरामात शेजारच्या खुर्चीवर वाळत घातली. आणि कॅलने स्टॅनफर्डला ९२-७० असं धुतलं. जो संघ कसेबसे साठ गुण करायचा त्याने ब्याण्णव केले. चेंडू हातातून हातात फिरत होता, पोरं हसत होती, बँडचा आवाज अर्ध्या रिकाम्या मैदानात दुप्पट घुमत होता. बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना नियम पुरते कळलेले नव्हते. पण कुठली पोरं बरेच दिवस मार खाऊन आज उभी राहिलीत, हे त्यांना कळत होतं.

तो त्या हंगामातला शेवटचा विजय. त्यानंतर लागोपाठ सोळा पराभव. सर्वाधिक गुण करणारा डेव्हिन अ‍ॅस्क्यू दुखापतीने बाहेर होता, इतरही जखमी होते. ८ मार्चला लास व्हेगासमध्ये गटाच्या स्पर्धेत वॉशिंग्टन स्टेटकडून हरल्यावर हंगाम संपला आणि लगेच मार्क फॉक्स ह्यांना काढून टाकलं. त्यांची चार वर्षांची नोंद ३८-८७. मी त्यांच्यावर चिडले होते, आता तेवढी चिडत नाही. २०२१ नंतर खेळाडूंना वर्ष न गमावता कॉलेज बदलायची मुभा मिळाली आणि स्वतःच्या नावावर पैसे कमवायचीही. ज्या विद्यापीठांमागे पैसेवाले चाहते संघटित उभे राहिले ती पुढे गेली. कॅल मागे राहिला. त्यात प्रशिक्षकाचा वाटा किती आणि विद्यापीठाचा किती, हे मला आजही नीट वेगळं काढता येत नाही.

मॅट ब्रॅडलीचं मात्र सांगितलंच पाहिजे. तीन वर्षं कॅलचा सर्वांत भरवशाचा खेळाडू. २०२१ मध्ये तो सॅन डिएगो स्टेटला गेला. ३ एप्रिल २०२३ ला, आमचा ३-२९ चा हंगाम संपून महिनाही झाला नव्हता, तेव्हा ब्रॅडली राष्ट्रीय अंतिम सामन्यात खेळत होता. सॅन डिएगो स्टेट कनेक्टिकटकडून हरलं. पण तो सामना सीबीएसवर होता. साध्या अँटेनावरही फुकट दिसणारी वाहिनी. कॅलच्या निळ्या-सोनेरी जर्सीतला ब्रॅडली अर्ध्या देशाला कधी दिसला नाही, काळ्या-लाल जर्सीतला सगळ्यांना दिसला. मी तो सामना कॅलची टोपी घालून पाहिला.

त्यानंतर

जानेवारी २०२३ मध्येच आणखी एक गोष्ट बाहेर आली. कॉमकास्टने पॅक-१२ नेटवर्कला अनेक वर्षं ग्राहकसंख्येच्या हिशेबात जास्त पैसे दिले होते, एकूण सुमारे ५ कोटी डॉलर, आणि वाहिनीच्या वरिष्ठांना ते ठाऊक असूनही त्यांनी विद्यापीठांना कळवलं नव्हतं. वाहिनीचे अध्यक्ष आणि गटाचे वित्तप्रमुख ह्यांना काढलं गेलं. जे आधीच कमी पडत होतं त्यातूनही परतफेड करायची वेळ आली.

त्याआधी ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए ह्या लॉस एंजेलिसच्या दोन्ही विद्यापीठांनी बिग टेनला जायचं जाहीर केलं होतं. नव्या करारासाठी स्कॉट ह्यांच्या नंतरचे आयुक्त जॉर्ज क्लियाव्हकॉफ वर्षभर धडपडत राहिले आणि हाती आला तो मुख्यतः अ‍ॅपलच्या स्ट्रीमिंगवर उभा असलेला प्रस्ताव. २७ जुलै २०२३ ला कोलोराडो गेलं. ४ ऑगस्टला एकाच दिवशी ओरेगॉन, वॉशिंग्टन, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि यूटा. शंभर वर्षांहून जुना गट आठवडाभरात चारवर आला. १ सप्टेंबरला कॅल आणि स्टॅनफर्डला एसीसीने घेतलं. एसीसी म्हणजे अटलांटिक किनाऱ्याचा गट. बर्कलीच्या खिडकीतून पॅसिफिक दिसतो.

कॅलला का घेतलं? अभ्यासातला लौकिक हे एक कारण होतं. पण दुसरं कारण केबलचंच. एसीसीची वाहिनी ईएसपीएनची आहे आणि ज्या राज्यात गटाचं विद्यापीठ असतं तिथे केबल कंपन्यांकडून दर घरामागे जास्त दर मिळतो. कॅलिफोर्नियातल्या लाखो घरांचा दर वाढला. म्हणजे ज्या संघाचे सामने बघता येत नव्हते त्याची किंमत शेवटी ठरली ती आमच्या टीव्हींच्या संख्येवर. आणि मोबदल्यात कॅलने पहिली सात वर्षं टीव्हीच्या वाट्यातला फक्त ३० टक्के हिस्सा घ्यायचं मान्य केलं. ३० जून २०२४ ला पॅक-१२ नेटवर्क बंद झालं. शेवटच्या दिवशी मी ते लावून बसले होते. त्याच्यावर बारा वर्षं चिडलेली बाई त्याच्यासाठी रडेल असं मला वाटलं नव्हतं, पण तिथे सामने समजावून सांगणारी माणसं आमच्याकडची होती. कुठल्या कॉलेजचा बँड कुठली धून वाजवतो हे त्यांना न सांगता कळायचं.

मार्च २०२३ मध्ये मार्क मॅडसन प्रशिक्षक झाले; स्वतः स्टॅनफर्डचे माजी खेळाडू. पहिल्या वर्षी १३-१९, दुसऱ्या वर्षी १४-१९. तीन विजयांवरून तेरावर येणं किती अवघड असतं हे बाहेरच्याला कळणार नाही. पहिल्या वर्षी जेलॉन टायसन चमकला आणि लगेच एनबीएत गेला. दुसऱ्या वर्षी आंद्रेय स्टोयाकोविच चमकला आणि इलिनॉयला गेला. दर वर्षी नवी नावं पाठ करावी लागतात. मी करते.

मार्च २०२५ मध्ये एसीसीच्या स्पर्धेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला, कॅलने व्हर्जिनिया टेकला दोन जादा डावांनंतर हरवलं. दुसऱ्या फेरीत समोर आलं स्टॅनफर्ड. बर्कलीहून स्टॅनफर्ड साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. ती दोन विद्यापीठं साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून एकमेकांशी खेळली आणि कॅल हरला. पण तो सामना मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला, घरी, सोफ्यावर बसून. हरल्याचं वाईट वाटलं, साधं, सरळ वाईट, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याबद्दल बोलायला दोन माणसं भेटली. २०२२-२३ मध्ये असं एकदाही झालं नव्हतं.

२१ ऑगस्ट २०२५ ला ईएसपीएनने केबलशिवाय थेट विक्री सुरू केली, महिन्याला २९.९९ डॉलर, त्यात एसीसीची वाहिनीही. बाबांची यादी करून केबलवाल्याला द्यायची पद्धत इथे सहा वर्षं उशिरा आली, आणि महाग आली. मी त्याच आठवड्यात घेतली. ३ नोव्हेंबरला नवा हंगाम सुरू झाला तेव्हा यूट्यूब टीव्ही ही स्ट्रीमिंग सेवा आणि ईएसपीएनची मालक डिस्ने ह्यांच्यात दरावरून भांडण लागलेलं होतं. सुमारे १ कोटी घरांत ईएसपीएन बंद होती आणि ती १४ नोव्हेंबरला समेट होईपर्यंत बंदच राहिली. तिथले चाहते फोनवर आकडे बदलताना पाहत असतील, हे मला बसल्याजागी कळत होतं.

त्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. सांगलीत दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेआठ वाजले होते, हातात चहाचा कप होता.

"आज चित्र आहे का?"

"आहे बाबा."

"मग फोन टीव्हीकडे फिरव. आणि तो उंच सुदानी पोरगा अजून खेळतो का?"

"नाही, तो केव्हाच गेला. आता सगळे नवे आहेत."

"असू दे. फिरव."